ताईच्या पिशवीतली बॅटरी

“ही पिशवी कुणाची?” विमानतळावर तपासणीच्या टेबलापलीकडच्या बाईंनी विचारलं, तेव्हा तो बेल्ट घालत होता. बेल्टचं टोक पँटच्या एका पट्टीतून गेलं होतं, पुढच्या पट्टीत जायचं होतं, आणि आपलं सगळं लक्ष त्या टोकावरच होतं, असं त्यानं नंतर ठरवून टाकलं. “माझी,” ताई म्हणाली. पिशवी तिचीच होती. तिनंच शिवलेली, जाड करड्या कापडाची, आत दोन कप्पे, वर चेन. बाईंनी चेन ओढली, हात कोपरापर्यंत आत घातला आणि मातीतून वीट उचकटावी तशी ती काळी पॉवर बँक बाहेर काढली. तळहातावर तोलून पाहिली, उलटी केली, मागची बारीक अक्षरं डोळ्यांजवळ नेऊन वाचली. “आणि ही? ही कुणाची आहे?” या वेळी त्यानं मान वर केली. तोंड उघडलं. तोंड उघडल्याचं त्याला पक्कं आठवत होतं. पण ‘माझी’ म्हणायचं तर आधी ओठ मिटावे लागतात, आणि त्याचे ओठ उघडे होते ते उघडेच राहिले. “माझीच की,” ताई म्हणाली. पटकन म्हणाली. तिकडे न बघता, बुटात पाय घालता घालता, कुणी वेळ विचारल्यावर सांगावी इतक्या सहज.

मग जे काही झालं ते सगळ्यांच्या देखत झालं. बाईंनी पिशवी ट्रेमध्ये उपडी केली. गुडघ्यांना चोळायचं मलम, कवळीची डबी, रबरानं एकत्र बांधलेल्या औषधांच्या पट्ट्या, उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवलेले आतले कपडे. तो अभ्रासुद्धा हातमोजे घातलेल्या बोटांनी उकलला गेला. ताईचा एक बूट पायात आणि एक हातात होता. ती शेजारी नुसती उभी राहिली, जणू दुसऱ्याच कुणाचं सामान बघतेय. “आजी, एवढी मोठी बॅटरी कशाला लागते हो तुम्हाला?” बाईंनी विचारलं. त्या बाई वाईट नव्हत्या, थकलेल्या होत्या. “मोबाईलला,” ताई म्हणाली. ट्रेमध्येच तिचा मोबाईल पडला होता, बटणांचा, अंगठ्याएवढा पडदा असलेला. “या मोबाईलला?” “हो. जुना आहे ना, फार खातो.” रांगेतली दोन माणसं खळखळून हसली. बाईंनाही हसू आलं. “अहो आजी, यावर घरातले दिवे लागतील तुमच्या!” आणि तो बेल्टचं टोक पुढच्या पट्टीत सारून, मग त्याच्या पुढच्या पट्टीत सारून, बक्कल लावून, ती नीट मधोमध आहे की नाही हे बघत राहिला. त्याच्या मागं, धातू तपासायच्या चौकटीपलीकडे, त्याच्या हाताखाली काम करणारी मुलगी हात पसरून उभी होती. आणि ती ही पॉवर बँक ओळखत होती.

ओळखणारच. आठवडाभर तिचा लॅपटॉप याच विटेवर चालला होता. तो पुलांची तपासणी करणारा इंजिनिअर. खांबांना, तुळयांना पडलेल्या भेगा शोधायच्या, भेगेवर पारदर्शक पट्टी धरून तिची रुंदी मोजायची, फोटो काढायचे, तिथल्या तिथं लॅपटॉपवर चढवायचं. ऑफिसात त्याला फूटपट्टी म्हणत, पाठीमागं आणि हल्ली हल्ली तोंडावरसुद्धा, आणि त्याला ते मनातून आवडत असे. चहात साखर मोजून घालणारा, रस्ता ओलांडताना गाडी नसली तरी दिव्याची वाट बघणारा माणूस. गेल्या वर्षी याच मुलीची पॉवर बँक विमानतळावर काढून घेतली होती, तेव्हा सगळ्या टीमसमोर त्यानं तिला सुनावलं होतं. “शंभर वॉट-अवरपर्यंत चालतं. त्याच्या वर एकशे साठपर्यंत विमान कंपनीची परवानगी काढावी लागते. त्याच्या वर नाही म्हणजे नाही. मागं लिहिलेलं असतं. वाचता येतं ना आपल्याला?” मुलगी लाल झाली होती. ‘लेबलवर नुसते मिलिअँपिअर होते हो सर,’ असं काहीतरी पुटपुटली होती. “मग गुणाकार करायचा,” तो म्हणाला होता. “मिलिअँपिअरला हजारानं भागायचं, व्होल्टनं गुणायचं. शाळेतलं गणित आहे.” त्या दिवशी विमानात त्याला गाढ झोप लागली होती.

आणि या वेळी ताईच्या गावाजवळच्या पुलावर पहिल्याच दिवशी त्याचा लॅपटॉप मध्येच मेला. पुलाखाली वीज कुठली? दुपारभर त्यानं भेगा हातावर, सिगारेटच्या पाकिटावर, मुलीच्या टोपीच्या आतल्या बाजूला लिहून घेतल्या, आणि संध्याकाळी गावातल्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जाऊन उभा राहिला. दुकानदारानं काचेवर तीन-चार मांडल्या. त्यानं एकेक उलटी करून बघितली. पहिली मोबाईलपुरती, बाजूला. दुसरी बरोब्बर शंभराच्या आत बसवलेली, लॅपटॉपला पुरेल एवढ्या जोराची, विमानात चालेल अशी. पण त्यातली काही वीज तारेत नि उष्णतेत जाणार. त्याचा लॅपटॉप एकदा भरेल, दुसऱ्यांदा जेमतेम दोन घास. तसल्या दोन घेतल्या की प्रश्न मिटत होता. दोन्ही चालल्या असत्या. हा हिशेब त्यानं दुकानातच केला होता, आणि दुसरी हातात धरून तो ‘दोन द्या’ म्हणणारच होता. तेवढ्यात शेजारी एक दाढीवाला तरुण आला, बोटानं सगळ्यात मोठी दाखवली, “ही द्या,” म्हणाला आणि पिशवीत टाकून निघूनही गेला. उलटीसुद्धा करून बघितली नाही. हातातली दुसरी पॉवर बँक एकाएकी फार शहाणी, फार नीटनेटकी, वहीला कव्हर घातलेल्या मुलासारखी वाटायला लागली. “मोठीच घ्या ना साहेब,” दुकानदार म्हणाला. “विमानात चालत नाही,” तो म्हणाला. “सगळे नेतात हो. कोण बघतंय?” मागं छापलेला आकडा शंभराच्याच काय, एकशे साठच्याही कितीतरी वर होता. त्यानं तो वाचला. वाचला, आणि म्हणाला, “द्या.” दुकानाबाहेर पडताना आपण कुठलंतरी झाड हलवून फळं पाडली आहेत आणि रखवालदार झोपलाय, असं हलकं हलकं वाटत होतं. पुढचे सगळे दिवस पुलाखाली तिच्यावर सगळ्यांचे लॅपटॉप, मोबाईल, ड्रोनसुद्धा चार्ज झाला. “सर, कमाल केलीत!” मुलगी म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “पण परत कशी नेणार?” “सामानाच्या गाडीतून,” तो म्हणाला. ऑफिसची गाडी यंत्रं घेऊन रस्त्यानं येणारच होती. ती तिच्यात ठेवायला काहीच हरकत नव्हती. फक्त ड्रायव्हर वाटेत चार ठिकाणी मुक्काम करणार, कुणीतरी वापरणार, हरवणार. ती आपल्याजवळ असावी असं त्याला वाटत होतं, एवढंच.

म्हणजे तेवढंच नव्हतं. निघायच्या सकाळी ताईच्या रिकाम्या झालेल्या दुकानात बसून त्यानं बॅग भरली. दुकान कसलं, एक खोली. पुढं मशीन, मागं झोपायची जागा. चाळीस वर्षं ताईनं तिथं शाळांचे गणवेश शिवले, पडदे शिवले, जाड बायकांचे कपडे उसवून सैल केले आणि त्यांना ‘तुम्ही बारीक दिसताय’ असं सांगितलं. आता सुईत दोरा जाईना. मशीन कुणाला तरी देऊन टाकलं, आणि ती भावाकडे कायमची राहायला निघाली. तो कामाला येणारच होता, तेव्हा परत जाताना तिला बरोबर न्यायचं असं ठरलं. पहिलाच विमानप्रवास. शेवटच्या महिन्यात जे जे गिऱ्हाईक आलं त्याला तिनं खिडकीची जागा मिळणार असल्याचं सांगितलं होतं. तर त्या खोलीत बसून त्यानं आपली बॅग उचलून बघितली, खाली ठेवली, आणि म्हणाला, “ताई, माझी फार जड झालीय. एवढं एक तुझ्यात ठेवतो.” “काय आहे ते?” “बॅटरी गं, लॅपटॉपची.” “चालते ना विमानात? उगाच काही भानगड नको बाबा.” “चालते गं.” तिनं कपड्यांची गुंडाळी उचलून त्या विटेला जागा करून दिली, आणि वरून अभ्रा नीट झाकला, जणू तिला थंडी वाजेल. त्याची बॅग जड होती, हे खोटं नव्हतं. पण बॅगेचं वजन करायच्या आधीच त्याला ठाऊक होतं की म्हाताऱ्या बाईची घरी शिवलेली पिशवी कुणी उघडत नाही. हे त्यानं मनात शब्दांत म्हटलंच नव्हतं. शब्दांत न म्हटलेल्या गोष्टी केल्यासारख्या वाटत नाहीत.

“सर,” मुलगी त्याच्या शेजारी येऊन उभी होती. तिचे बूट हातात होते. “तुम्ही जा ना ताईंबरोबर. मी बॅगा बघते.” त्यानं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. ताईला बाजूच्या टेबलाशी नेलं होतं, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं होतं. टेबलामागं एक वयस्क अधिकारी, समोर ती वीट. अधिकारी ताईला एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं सांगत होता, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं. “शंभरपर्यंत चालतं, आजी. फार तर एकशे साठ, तेही परवानगी काढून. ही त्याच्या वर आहे. उद्या विमानात पेटली तर?” ताई मान डोलवत होती. हेच वाक्य, याच क्रमानं, त्यानं स्वतः म्हटलेलं होतं, आणि ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना किती बरोबर आहे असं त्याला वाटलं, आणि त्याच क्षणी ते आपल्याला उद्देशून आहे हे कळून कानशिलं तापली. तो पुढं झाला. आता बोलायचं. आता ओठ मिटलेलेच होते, उघडायचे होते फक्त. “साहेब, त्यांना माहीत नव्हतं हो,” तो म्हणाला. “वय झालंय. विसरायला होतं. घरात कुणीतरी चुकून ठेवलं असेल.” आपलाच आवाज त्याला दुरून ऐकू आला. सुसंस्कृत, समजूतदार, जबाबदार माणसाचा आवाज. अधिकाऱ्याचे डोळे बारीक झाले. तो खुर्चीतून पुढं वाकला. “आजी, कुणी दिली ही ठेवायला? घाबरू नका. दुसऱ्याची वस्तू आपल्या पिशवीत घेणं ही साधी गोष्ट नाही. कुणी दिली असेल तर सांगून टाका.” ताईनं भावाकडे बघितलं नाही. अधिकाऱ्याकडे बघून ती म्हणाली, “मला कोण कशाला देतंय? मीच घेतली. दुकानदार म्हणाला मोठी घ्या, मी घेतली. आपल्याला काय कळतंय त्यातलं?” अधिकारी मागं रेलला. “बरं. ही इथंच राहील. पुन्हा आणू नका.” मग त्याच्याकडे वळून, “तुम्ही मुलगा यांचे?” “भाऊ.” “धाकटा,” ताई म्हणाली. “मग लक्ष देत जा जरा. म्हातारी माणसं. त्यांना काय माहीत असणार?” “हो,” तो म्हणाला.

विसरायला होतं! ताईला गावातल्या प्रत्येक बाईच्या छातीचं, कमरेचं माप तोंडपाठ होतं. कुणाची मुलगी कुठल्या साली किती उंच होती तेही. ती काहीच विसरत नव्हती. हीच तर पंचाईत होती. विमानात तिला खिडकी मिळाली. विमान धावायला लागलं तेव्हा त्यानं आपला हात दोघांच्या मधल्या दांड्यावर ठेवला, उताणा, हवा तर धर असा. लहानपणी डॉक्टर सुई टोचायचा तेव्हा ती त्याचा हात असाच धरायची. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि ती वीस वर्षांची. तेव्हापासून जे काही धरायचं ते तिनंच धरलं. विमानानं जमीन सोडली तेव्हा तिचे डोळे मिटले होते आणि दोन्ही हात मांडीवरच्या करड्या पिशवीवर होते. विमान वर स्थिरावल्यावर हवाई सुंदरी येऊन म्हणाली, पिशवी खाली ठेवा. ताईनं ती ताबडतोब खाली ठेवली, शाळेत बाई ओरडल्यावर मूल ठेवतं तशी. मग तिनं खिडकीतून बाहेर बघितलं. “ढग किती खाली राहिले,” ती म्हणाली. तो घाईघाईनं “हो ना!” म्हणाला.

मी बोलणारच होतो. हे वाक्य त्याच्या डोक्यात इंजिनाच्या घरघरीबरोबर फिरायला लागलं. मी तोंड उघडलं होतं. तिनं मध्येच टाकलं ‘माझीच की’. एक क्षण थांबली असती तर? तिनं संधीच दिली नाही. आयुष्यभर तिची हीच सवय. माणसानं काही म्हणायच्या आत ती म्हणून मोकळी. तिच्या त्या शब्दात आणि त्याच्या उघड्या तोंडात किती अंतर होतं, हे तो पुन्हा पुन्हा मोजू लागला, भेगेवर पट्टी धरावी तसं, डोळा अगदी जवळ नेऊन. मोजावं तसं ते अंतर बदलत होतं. एकदा वाटे, एवढ्यात काय माणूस बोलणार? एकदा वाटे, एवढ्या वेळात माणूस आपलं पूर्ण नाव-गाव सांगेल. आणि त्या अंतरात नेमकं काय होतं? त्या अंतरात त्याला मागच्या रांगेतली मुलगी दिसली होती. तिची मान वळायच्या बेतात होती. ‘वाचता येतं ना आपल्याला?’ त्या अंतरात हे वाक्य होतं. ताई त्यात कुठं नव्हती. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्यानं हे ‘साधा गोंधळ’ म्हणून माफ केलं असतं, पण गोंधळ झालेला माणूस नंतर चार पावलं चालत जाऊन ‘वय झालंय’ असं सांगत नाही.

आणि मग, ज्याची त्याला आठवण नको होती तेच आठवलं. त्याच्या लग्नाआधी सासुरवाडीची मंडळी बघायला-बोलायला आली होती. त्यांच्यातल्या एका काकांनी विचारलं, “ताई काय करतात?” ताई आत कपबशा मांडत होती. दार उघडंच होतं. तो म्हणाला होता, “तिचा फॅशनचा व्यवसाय आहे.” खोटं थोडंच होतं? कपडे शिवणं म्हणजे फॅशनच की. ताई ट्रे घेऊन बाहेर आली, चेहऱ्यावर काही नाही, आणि काकांपुढं कप धरत म्हणाली, “हो, सध्या गणवेशांची फॅशन जोरात आहे.” सगळे हसले. काकांना ती फार आवडली. पुढं तिनं ते वाक्य उचललंच. गिऱ्हाइकांना सांगायची, “आमचा फॅशनचा व्यवसाय आहे म्हटलं, वेळ लागणारच!” घरात तो एक विनोदच होऊन गेला, त्याची बायको, पुढं त्याची लेकसुद्धा तो विनोद करायची. तोही हसायचा. तिनं ते हसण्यावारी नेलं म्हणून त्यानं ते संपलं असं धरलं होतं. आज विमानात, तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर ढगांचा पांढरा उजेड पडलेला बघताना, त्याला पहिल्यांदा वाटलं की त्या दिवशी दाराआड, कपबशा मांडता मांडता, तिला तो विनोद सुचायला थोडा वेळ लागला असेल. त्या वेळात ती काय करत होती? नुसती उभी होती?

मुलगी मागून आली, स्वच्छतागृहाकडे जाता जाता थांबली. “ताई, मिळाली ना खिडकी? कान दुखले तर ही गोळी चघळा.” “अगं, दे दे. आमच्या छोट्याला पण दे एक,” ताई म्हणाली. छोट्या! अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाला, हाताखालच्या माणसादेखत. एरवी तो ओशाळला असता. आज ते ऐकून त्याला भरून आल्यासारखं झालं. तिनं अजून त्या नावानं हाक मारली होती. मुलीनं त्याच्या हातावर गोळी ठेवली. “सर,” ती म्हणाली. एवढंच. त्या ‘सर’मध्ये नेहमीपेक्षा काही कमी नव्हतं, जास्तही नव्हतं, आणि तेच त्याला सहन होईना. तिनं एखादा टोमणा मारला असता तर तो रागावू तरी शकला असता.

घरी बायकोनं दार उघडलं. लेकीनं आत्याच्या गळ्यात हात टाकले आणि सामान आत नेलं. दुपारचं जेवण झालं, चहा झाला. “मग? कसा झाला विमानप्रवास?” बायकोनं विचारलं, आणि ताईनं गोष्ट रंगवायला घेतली. तो खुर्चीत आक्रसला. ताईला नकला छान यायच्या. ती तपासणीच्या बाई झाली, वीट तळहातावर तोलून दाखवली, भुवया वर नेल्या. “मला म्हणते, आजी, यावर घरातले दिवे लागतील! मी म्हटलं, बरं झालं सांगितलंत, विजेचं बिल वाचेल.” हे ती तिथं म्हणाली नव्हती. लेक हसून हसून लोळत होती. “आत्या, तू तर स्मगलर निघालीस!” “अगं, मला मेलीला काय ठाऊक? म्हटलं, मोठी ती चांगली.” “पण ताई, तुम्हाला हो कशाला हवी होती ती?” बायको म्हणाली. तिची नजर टेबलावरच्या बटणांच्या मोबाईलवर गेली, तिथून क्षणभर नवऱ्याकडे. “अगं, हौस!” ताई म्हणाली. गोष्टीत भाऊ कुठं नव्हताच. तपासणीच्या रांगेतून तिनं त्याला अलगद काढून टाकला होता, उसवलेला दोरा ओढून काढावा तसा, कापडावर भोकसुद्धा दिसू नये असा. सगळे हसत होते म्हणून तोही हसला. हसताना आपले दात दिसताहेत असं त्याला जाणवलं, आणि ते झाकावेत की काय हे त्याला कळेना.

तिच्यासाठी त्यानं आपली अभ्यासाची खोली रिकामी केली होती. उन्हं कलली तेव्हा तो तिथं गेला. ताई पलंगाच्या कडेला बसून पिशवीतले कपडे बाहेर काढत होती. घड्या मोडलेल्या नव्हत्या, कपडे स्वच्छ होते, पण ती एकेक काढून खाली ढिगात टाकत होती. “हे काय, धुतलेलेच आहेत ना?” “आहेत. तिथं हात लागले सगळ्यांचे. पुन्हा धुते.” तो दाराशीच उभा राहिला. खिडकीचा पडदा लेकीनं नवा लावला होता, त्याची कड कच्ची होती, आणि ताईनं ती बघितली असणार. “ताई,” तो म्हणाला. “मी बोलणारच होतो.” “कशाबद्दल?” “तिथं. ती माझी आहे म्हणून. तू मध्येच बोललीस. मला वेळच दिला नाहीस.”

“नाही दिला,” ताई म्हणाली. “मुद्दामच नाही दिला.”

त्याला एकदम सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे तिलाही ते माहीत होतं. म्हणजे तिनं त्याला वाचवायला... तो पलंगाकडे एक पाऊल पुढं आला.

“तू गप्प बसतोस की काय, ते मला बघायचं नव्हतं,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता; माप सांगावं तसं ती सांगत होती. “म्हणून घाईनं बोलून टाकलं. आता मला इथं राहायचंय, छोट्या. काही गोष्टी न बघितलेल्याच बऱ्या.” तिनं अभ्रा झटकला, ढिगावर टाकला. “पण नंतर ‘विसरायला होतं’ म्हणालास. ते मात्र ऐकावं लागलं.”

खोलीतून बाहेर कसा आला हे त्याला कळलं नाही. बाहेरच्या खोलीत लेक फोनवर मैत्रिणीला तीच गोष्ट सांगत होती, आत्याची नक्कल करत, आणि बायको कोरड्या कपड्यांच्या घड्या घालत हसत होती. तो दोघींच्या मधे जाऊन उभा राहिला. “ती बॅटरी माझी होती,” तो म्हणाला. लेकीनं फोन खाली घेतला, त्याच्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा एकदम मऊ झाला. “बाबा! कित्ती गोड आहेस रे. आत्याला वाईट वाटू नये म्हणून ना?” बायकोनंही मान तिरकी करून त्याच्याकडे बघितलं, कौतुकानं की कसं, ते त्याला कळलं नाही. आणि त्याला बरं वाटलं. हेच त्याला पुढं कधी कुणाला सांगता आलं नसतं. थंडीत गरम पाण्याचा तांब्या अंगावर घ्यावा तसं त्याला बरं वाटलं. सत्य सांगून झालं होतं, वर शाबासकी मिळाली होती, आता नुसतं ओशाळं हसून खुर्चीत बसायचं होतं. कुणाचंच काही बिघडत नव्हतं. लेकीनं फोन पुन्हा कानाला लावला. “अगं ऐक ना, आता आमचे बाबा काय म्हणतात...”

“फोन ठेव,” तो म्हणाला. त्याचा आवाज बारीक, चिरका निघाला. “मी विकत घेतली होती ती. चालत नाही हे मला माहीत होतं, वाचून घेतली होती. म्हातारीची पिशवी कोण उघडणार, म्हणून तिच्यात ठेवली. चालते असं तिला सांगितलं. आणि त्यांनी कुणाची म्हणून विचारलं तेव्हा मी बोललो नाही.” लेकीचं हसू थोडा वेळ चेहऱ्यावर तसंच राहिलं, काय करावं हे न कळल्यासारखं. “पण तू तिथंच होतास ना?” तिनं विचारलं. “होतो.” “आणि आत्याची पिशवी उपडी केली तेव्हा?” “तेव्हापण तिथंच होतो.” बायकोच्या हातातली घडी अर्धीच राहिली.

ताई धुवायच्या कपड्यांचा ढीग छातीशी धरून खोलीच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिघांनीही तिच्याकडे बघितलं. आता ती काहीतरी म्हणेल, ‘अगं, काहीतरीच सांगतो हा’ म्हणेल, एखादी नक्कल करेल, आणि खोलीतली हवा पुन्हा हलेल. लेक त्याची वाट बघत होती. बायको बघत होती. आणि तोही बघत होता, हे त्याला कळलं.

ताईनं ढीग दुसऱ्या हातावर घेतला, तिघांच्या मधून वाट काढत न्हाणीघरात गेली. मग नळ सोडल्याचा आवाज आला.